राउटरची खुंटी

नेरूळच्या त्या रो-हाउसचा वरचा मजला भाड्याने घ्यायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी मला आधी खोल्या दाखवल्या नाहीत. आधी खुंटी दाखवली. जिन्याखालच्या भिंतीवर लाकडाची एक लांब पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर ओळीने खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली तांबड्या ऑइलपेंटने नाव. 'मी', 'ही', 'मोठा', 'धाकटी', 'दूधवाला', 'पाहुणे'. अगदी शेवटी 'वरचे'.

"ही तुमची," ते म्हणाले. "छत्री, पिशवी, काय असंल ते इथं. दुसऱ्याच्या खुंटीला लावायचं नाय. तुमच्या खुंटीला दुसरं कुणी हात लावनार नाय. आता खोल्या बघायच्या तर बघा."

खोल्या साध्याच होत्या. उन्हाळ्यात तापतील हे पायरी चढतानाच कळत होतं. पण सोलापूर सोडल्यापासून मी हॉस्टेलं आणि भाड्याच्या खोल्या बदलत फिरत होते, आणि माझ्यासाठी आधीच नाव घालून ठेवलेली जागा मला कुठेच मिळाली नव्हती. नाव माझं नव्हतं म्हणा, 'वरचे' होतं, पण मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

तेव्हापासून मी त्यांची 'वरच्या ताई' झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, भाडेकरारावर ते त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं, पण एकदा खुंटीवर जे रंगवलं ते रंगवलं. मी त्यांना काका म्हणायचे.

काका उंच, काटकुळे, सदा पांढऱ्या बनियनमध्ये. आवाज मात्र असा की आमच्या गल्लीत बोलले तर सीवूड्सला ऐकू जावं. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी छापखान्यात गेलं होतं. शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचा, आणि तोही यंत्रांच्या खडखडाटात, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिथेच त्यांना जागेचं वेड लागलं. खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असतो, एक अक्षर चुकीच्या खणात पडलं की पुढच्याच्या हातून मजकुराचा सत्यानाश. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात डाळींचे डबे, चपला, चाव्या, सगळ्यांचे खण ठरलेले. कुणी भेटलं की "कसे आहात" नाही, "सगळं जागेवर?" असं विचारायचे. भाजीवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि एकदा तर त्यांचं ब्लडप्रेशर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा. त्या घाबरून आपली पर्स चाचपू लागल्या, असं काकू सांगायच्या.

सकाळी ते खाडीकडच्या पाणथळीवर फिरायला जात. फ्लेमिंगोंवर त्यांचा फार जीव. "एवढी हजारो पाखरं, एका पायावर उभी, पन कुनी कुनाच्या जागेत घुसत नाय. नायतर आपली पार्किंगची भांडनं बघा." हे ते फोटो काढायला आलेल्या अनोळखी लोकांनाही सांगत, आणि त्यांच्या आवाजाने पाखरं उडून गेली की त्या लोकांवरच चिडत.

दुसरं वेड झोपेचं. स्वतःच्या नव्हे, यंत्रांच्या. रात्री निजण्यापूर्वी ते घरभर फेरी मारून टीव्ही, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांची बटणं बंद करायचे. "दिवसभर राबलेत. झोपू द्या त्यांना." फ्रिज तेवढा वाचला होता, तोसुद्धा काकूंनी एकदा नासक्या दुधाचा चहा त्यांच्यापुढे ठेवला म्हणून. काकू कमी बोलायच्या. असा एखादा चहा करायच्या.

या माणसाने एक दिवस माझ्या दारात उभं राहून विचारलं, "वरच्या ताई, तुमी कॉम्प्युटरवाल्या ना? मला रेडिओ स्टेशन काढायचंय."

मी महापेच्या एका कंपनीत होते. गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर अडलं की फोनवर त्यांना मार्ग दाखवायचा, म्हणजे बहुतेक वेळा "बंद करून परत चालू करा" असं गोड आवाजात सांगायचं, हे माझं काम. त्यावरून काकांना वाटायचं की मला सगळंच येतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

"किती लोकांसाठी स्टेशन काढायचंय?" मी विचारलं.

"एका मानसासाठी. आमच्या आक्कासाठी."

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. मंडणगडच्या पुढे, त्यांच्या मूळ गावातल्या बौद्धवाडीत राहायची. डोळे गेलेले, कानाला कमी ऐकू यायचं. यजमान गेल्यापासून तिने बोलणं जवळजवळ सोडलं होतं. मुलगा चांगला होता, पण दिवसभर रिक्षा चालवायचा. ती एकटी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसून राहते, असं तो फोनवर सांगायचा, आणि तो फोन ठेवल्यावर काका जिन्याखाली जाऊन सगळ्या खुंट्या पुन्हा एकदा तपासायचे.

आक्काची एकच मागणी होती, आणि ती लहानपणापासूनची होती. तिला वडिलांचं गाणं ऐकायचं होतं.

ते सगळं काकांनी मला जिन्यात बसून सांगितलं. त्यांचे वडील परळला गावकीच्या खोलीत राहायचे. एका गावच्या सगळ्या पुरुषांनी मिळून घेतलेली एक खोली. कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला, उठलेल्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. अंथरायची जागा कुणाची ठरलेली नाही, मिळेल ती. पण भिंतीवरची खुंटी ज्याची त्याची. माणूस गावाला जावो, आजारी पडो, खुंटी रिकामी राहायची, तिला कुणी हात लावायचा नाही. काका मॅट्रिक होऊन त्या खोलीत आले तेव्हा त्यांना आधी खुंटी मिळाली होती, मग नोकरी.

त्याच खोलीत वडिलांची गायनपार्टी होती. रविवारी ढोलकी, झांजा, आणि भीमगीतं. वडिलांचा आवाज ऐकायला चाळ जमायची. पण गावी आले की ते गायचे नाहीत.

"का?" मी विचारलं.

"तेव्हा वाडीत ती गानी मोठ्यानं म्हनायची सोय नव्हती, ताई. वरच्या रस्त्यापर्यंत, गाववाल्यांना ऐकू गेलं तर दुसऱ्या दिवशी पान्याला जायची पंचाईत. आक्का मागं लागायची, बाबा, मुंबईला गाता तसं गा. ते म्हनायचे, तू मुंबईला ये, मग ऐक. ती कशी येनार? बायकांना त्या खोलीत जागा कुठली? बाबा गेले, तिचं ऐकायचं राह्यलं. मी तिला शब्द दिलेला आहे."

खोलीतल्या कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता तेव्हाच्या दोन-चार कॅसेटी काकांनी जपून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी पूर्वी गावी पाठवली, तर तिथल्या प्लेअरने ती फीत गिळून टाकली. तेव्हापासून कॅसेटी घराबाहेर जाणं बंद. फोनवरून ऐकवायचा प्रयत्न झाला होता, पण फोन बिचारा ढोलकीला गोंगाट समजून गिळायचा आणि वडिलांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.

"काका, सोपं आहे," मी म्हटलं. "गाणी पेनड्राइव्हमध्ये भरू, स्पीकरला लावू, आक्का बटण दाबतील, गाणी लागतील."

"आनि तो पेनड्राइव्ह तिला विचारेल का, आक्का, चहा घेतलास का?"

त्यांना रोज सकाळी सहा वाजता कार्यक्रम करायचा होता. जय भीम, मग पंचशील, मग पेपरातल्या बातम्या, मग वडिलांचं एक गाणं, आणि मध्येमध्ये गप्पा. इंटरनेटवरच्या फुकट ठिकाणांचा विषय मी काढला तर म्हणाले, "बाबांच्या गान्यात मधेच तेलाची जाहिरात? जमनार नाय. आमच्या घरचा आवाज आमच्याच घरातनं निघंल आनि आक्काच्या घरात जाईल. मधे कुनी नको."

झालं. हट्ट कळला. आता तांत्रिक बाजू माझी.

माझ्या स्वयंपाकघराला लागून वर एक लहानशी खोली होती, तिचा स्टुडिओ झाला. खाली रस्त्यावरचे भाजीवाले आणि काकूंचा मिक्सर होता, म्हणून वर. मोठ्या मुलाचा जुना कॉम्प्युटर, कॅसेट प्लेअर आणि एक माईक एवढा संसार. गावी भाच्याने आक्काच्या खाटेजवळ एक भला मोठा स्पीकर आणि एकच बटण असलेला छोटा डबा बसवला. बटण दाबलं की डब्याने इंटरनेटवरून आमच्या घराचं दार ठोठावायचं आणि आवाज मागायचा. त्यासाठी घराला बाहेरून सापडेल असा पक्का पत्ता लागतो. तो मिळवायला काका नेटवाल्याच्या ऑफिसात रोज जाऊन काउंटरवर "सगळं जागेवर?" असं विचारत बसायचे. त्या लोकांनी वैतागून पत्ता देऊन टाकला.

आता दार ठोठावणाऱ्याला आत कुठे पाठवायचं, हे घरातल्या राउटरला सांगून ठेवावं लागतं. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मी ते माझ्या राउटरवर केलं. घरात मोबाइलवर लावून पाहिलं, काकांचा आवाज खणखणीत. गावी फोन केला, तर तिथे सामसूम.

"घरात ऐकू येतंय म्हंजे काय?" काका म्हणाले. "मी बोललो की घरात तसंपन ऐकू येतं."

बरोबरच होतं. घरातला मोबाइल घरातल्या घरातच ऐकत होता, त्याला दार ठोठावावंच लागत नव्हतं. बाहेरून तपासायला हवं, असं मी म्हणायचा अवकाश, काका काकूंचा फोन घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, "येतंय! बाहेर पन येतंय!" फोन घरच्याच वायफायवर होता. मी गॅलरीतून कपाळाला हात लावला. शेजारचे सगळे बाहेर आले होते.

खरी अडचण मग माझ्या डोक्यात शिरली. घरात राउटर दोन होते. नेटवाल्याने बसवलेला खाली दिवाणखान्यात, आणि वर स्लॅबमधून सिग्नल येत नाही म्हणून मी आणलेला माझा. खालच्यातून वायर वर माझ्याकडे आली होती. बाहेरचा माणूस आधी खालच्याकडे येणार, आणि मी सगळ्या सूचना वरच्याला देऊन बसले होते. खालच्याला वर कोण राहतं याचा पत्ताच नव्हता.

हे काकांना कसं सांगावं याचा मी विचार करत होते, तर त्यांनीच मला सांगितलं. "म्हंजे मार्फत लिहिलं नाय तुमी. खोलीवर पत्रं यायची ती खोलीप्रमुखाच्या नावानं. अमुक तमुक, मार्फत अमका. पत्र आधी त्याच्या हातात. मग तो बघनार, हे कुनाचं, त्याच्या हातात देनार. दोन ठिकानी कळायला पायजे ना."

तंतोतंत तेच. खालच्या राउटरला सांगितलं, असा आवाज मागायला कुणी आलं तर वरच्या राउटरकडे पाठव. वरच्याला सांगितलेलंच होतं, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरकडे पाठव. संध्याकाळी कॅसेट लावून ठेवली, आणि यावेळी वायफाय बंद केल्याची मी स्वतः खात्री करून काकांना फोनसकट पाणथळीकडे धाडलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. पलीकडे पाखरांचा कलकलाट आणि त्यात त्यांच्या वडिलांची ढोलकी.

"ताई," काका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "बाबा खाडीवर आले."

मग भाच्याचा फोन. आक्काने बटण दाबलं होतं, गाणं अर्धं झालं होतं आणि ती भिंतीकडून वळून बसली होती. एवढंच, पण काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला भिंतीपलीकडून कार्यक्रम ऐकू आला. "जय भीम आक्का! सगळं जागेवर? चहा घेतलास का?" पंचशील झालं, बातम्या झाल्या, फ्लेमिंगोंची खुशाली झाली, वडिलांचं गाणं झालं. काकांनी निरोप घेतला. इतका आनंदी आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. मी चहा घेऊन त्यांच्यासोबत खाली उतरले, तर भाच्याचा फोन.

"मामा, आयेन बटान दाबलान, पन कायच येत नाय. पहाटेपासून बसलीय डब्यासमोर. ती म्हंते, भाऊ कंटाळला असंल."

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि ते जिन्याखाली जाऊन खुंट्यांकडे बघत उभे राहिले. मला इतकं वाईट वाटलं की मी ऑफिसला दांडी मारली.

नीट तपासलं, तर वरच्या राउटरचा घरातला पत्ता बदललेला होता. खालचा राउटर सगळं काही इमानदारीने जुन्या पत्त्यावर पाठवत होता आणि तिथे आता काकूंचा मोबाइल होता. मी पत्ता बदलून घेतला, चालू झालं. संध्याकाळी चालायचं. सकाळी बंद. मी पुन्हा दुरुस्त करायचे, पुन्हा संध्याकाळी चालायचं, पुन्हा सकाळी बंद. मधेच एखाद्या सकाळी आपोआप चालायचं, त्यामुळे डोकं जास्तच फिरायचं. रात्री नेट जातं हे मला माहीत होतं, पण ते मी नेटवाल्या कंपनीच्या खात्यावर मांडत होते. नेटवाल्याचा माणूस येऊन "लाइन ओके आहे मॅडम" म्हणून गेला. काकांचा संशय वायरीवर बसणाऱ्या कावळ्यावर होता. नंतर माझ्यावर.

"तुमी रोज काहीतरी करता," ते म्हणाले, "म्हनून बिघडतं."

"मी करते म्हणून संध्याकाळी चालतं!"

"मग सकाळी कोन बिघडवतं?"

आम्ही दोन दिवस बोललो नाही. माझी छत्री खुंटीवर, त्यांची टोपी खुंटीवर, आणि आम्ही एकमेकांना टाळत जिन्यातून ये-जा करायचो. तिकडे आक्काने बटण दाबणं सोडलं. पुन्हा भिंतीकडे तोंड. भाचा म्हणाला, राहू दे मामा, कशाला तिला आशा लावायची. ते ऐकून मी ठरवलं, काहीही झालं तरी ही यंत्रं सकाळी काय करतात ते उठून डोळ्यांनी बघायचं.

पहाटे मी खाली आले. काका आधीच उठले होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेले. तिथल्या राउटरवर काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा पांघरलेला होता. तो त्यांनी अलगद काढला, घडी केली, खणात ठेवली, बटण दाबलं आणि म्हणाले, "उठा."

मी जिन्यावरच खाली बसले.

"काका! तुम्ही याला रात्री बंद करता?"

"मग? सगळ्यांना झोप आनि त्यालाच जागरन?"

हातातल्या मोबाइलवर मी खालच्या राउटरमधली यादी उघडली आणि बघत राहिले. तो जागा झाला आणि रात्रीचं सगळं विसरून गेला होता. जो आधी येईल त्याला पुढची जागा. टीव्ही आला, काकूंचा फोन आला, फाटकावरचा कॅमेरा आला, आणि मग माझा राउटर. त्याची कालची जागा काकूंच्या फोनने घेतली होती. ज्या दिवशी काकूंचा फोन चार्ज नसेल त्या दिवशी जागा मोकळी मिळायची, आणि कार्यक्रम चालायचा. सगळा उलगडा झाला. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "बिघडवणारे तुम्हीच! रोज बंद करून चालू करता!"

"आनि तुमी ऑफिसात दिवसभर लोकांना काय सांगता?" काका माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "बंद करून चालू करा! मी केलं तर गुन्हा?"

काकू आतून म्हणाल्या, "तिचा पगार चालतो त्याच्यावर. तुमचं काय?"

मी त्यांना समजावलं. हात जोडले. एवढा एक डबा रात्री चालू ठेवा, आक्कासाठी ठेवा. ते ऐकेनात. खोलीत रातपाळीहून आलेल्या माणसाला झोपेतून उठवायचं नाही, हा पहिला नियम होता, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. जो दुसऱ्यासाठी राबतो त्याची झोप मोडायची नाही. "हा आक्कासाठीच राबतोय ना? मग त्याला तर आधी झोप."

चिडून मी म्हटलं, "मग तो रोज विसरणार. उठल्यावर ज्याला मिळेल ती जागा देणार."

"देऊ दे की. खोलीतपन तसंच होतं. अंथरायला मिळंल ती जागा." आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पन मग ह्याच्यात खुंट्या नायत का?"

होत्या! खालच्या राउटरमध्ये ती सोय होती. एखाद्या यंत्राच्या अंगावरची खूण ओळखून ठराविक पत्ता त्याच्याचसाठी राखून ठेवायचा, ते असो नसो, आधी येवो, शेवटी येवो. ही राखून ठेवलेली जागा राउटर झोपला तरी विसरत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, कुणीही सांगेल इतकी साधी गोष्ट आहे. पण मी राउटरची झोप मोडण्याच्या मागे लागले होते आणि ती जागा कशी टिकवायची याचा विचारच केला नव्हता.

"आहेत, काका," मी म्हटलं. "खुंट्या आहेत."

"मग लावा की रंग!"

मी तिथेच जिन्यावर बसून माझ्या राउटरसाठी एक पत्ता राखून ठेवला. शेजारी नाव लिहायला जागा होती. काका मागे उभे राहून बघत होते. मी 'वरचे' असं लिहिलं. त्यांनी वाकून अक्षरं तपासली, कान्या-मात्र्यासकट, आणि "चालंल" म्हणाले.

आणि मग आम्ही तो राउटर मुद्दाम बंद केला. काकांनी त्याच्यावर साडीचा तुकडा घातला. काकूंना फोन पूर्ण चार्ज करायला लावला. टीव्ही लावला, कॅमेरा लावला, सगळ्यांना आधी येऊन रांगेत उभं राहू द्यायचं होतं. मग काका म्हणाले, "उठा." दिवे लुकलुकले. एकेक जण आला, आपापली जागा पकडून बसला, आणि एक जागा सोडून पुढे गेला. ती रिकामीच राहिली. सगळ्यात शेवटी माझा राउटर आला आणि थेट आपल्या जागेवर जाऊन बसला. मी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या, म्हणजे बघा.

भाच्याला मी हातापाया पडून तयार केलं. आजची एकच सकाळ, आक्कांचं बोट धरून बटणावर ठेव. तुझा फोन चालू ठेव. काका वर स्टुडिओत गेले. मी आणि काकू त्यांच्यामागे, भाच्याचा फोन स्पीकरवर लावून.

"जय भीम आक्का," काका म्हणाले. "सगळं जागेवर?"

फोनमध्ये काहीच नाही. कोंबडा आरवला तेवढाच. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. इंटरनेटवरून आवाज पोचायला थोडा वेळ लागतो हे मला माहीत होतं, तरी माझा जीव टांगणीला लागला. आणि मग फोनमधून, मंडणगडच्या पुढच्या त्या वाडीतून, मोठ्या स्पीकरवर काकांचाच आवाज परत आला. "जय भीम आक्का. सगळं जागेवर?"

काकांनी कॅसेट लावली. ढोलकी आमच्या खोलीत सुरू झाली आणि थोड्या वेळाने तीच ढोलकी वाडीत सुरू झाली. वडिलांचा आवाज चढला. ध्रुवपद आलं, आणि ते वाडीत पोचलं तसा फोनमधून तिसराच एक आवाज यायला लागला. म्हातारा, फाटका, पण सुरात. मागून झील धरल्यासारखा.

"आये गातेय," भाचा म्हणाला. "मामा, आये गातेय. शेजारचे सगले आलेत दारात. आये काय बोलते, ऐका."

मग आक्काचा स्वतःचा आवाज आला. "अरं, वाढव की! अजून वाढव! वरच्या रस्त्यापरेंत जाऊंदे!"

भाच्याने वाढवला असणार, कारण फोन फाटेल असा आवाज झाला. ज्या वाडीत त्यांच्या वडिलांनी आयुष्यात कधी तोंड उघडून गाणं म्हटलं नव्हतं, तिथे ते सकाळी सकाळी वरच्या रस्त्यापर्यंत गात होते. काका माईकसमोर उभे होते, ताठ, पांढऱ्या बनियनमध्ये, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुसायचंही भान नव्हतं त्यांना. मीही रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. गाणं संपलं आणि आक्का म्हणाली, "त्याला सांग, सगलं जाग्यावर हाय म्हनावं."

त्यानंतर कार्यक्रम कधी बुडला नाही. राउटर रोज रात्री पांघरूण घेऊन झोपायचा आणि पहाटे उठून प्रत्येकाला जागा द्यायचा. मुंबईला, पुण्याला पांगलेले वाडीतले लोक ऐकू लागले. कुणी फोन करून फर्माईश करायचं, कुणाच्या माळ्यावर आणखी एक जुनी कॅसेट सापडायची. आक्का तर काकांना उलट दटावू लागली, बातम्या कमी सांग आणि गाणी जास्त लाव. काका मला म्हणायचे, "बघा, आता बोलायचं थांबवायची पंचाईत आहे," आणि खूश व्हायचे.

लग्न झाल्यावर मी ते घर सोडलं. निघताना काकांनी विचारलं, "काही राहिलं नाय ना? सगळं जागेवर?" मी म्हटलं, हो. वर नवीन भाडेकरू यायचे होते. माझा राउटर मी तिथेच ठेवला. तो काढला असता तर काकांनी मला जाऊ दिलं नसतं.

आता मी सानपाड्याला राहते. सकाळी स्वयंपाकघरात मोबाइलवर काकांचं स्टेशन लावते. नवऱ्याला पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी खिडकीत येऊन ओरडतंय. परवा पंचशील झालं, बातम्या झाल्या, आक्काला चहाचं विचारून झालं आणि मग काका म्हणाले, "आनि सानपाड्याच्या वरच्या ताई ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सूचना. नवीन लोकांसाठी नवी खुंटी ठोकली आहे. तुमची खुंटी तशीच आहे. तिच्यावर तुमची छत्री राह्यली आहे. सावकाश या, न्यायला."

ती छत्री मी विसरले नव्हते. ती मी तिथे ठेवली आहे, आणि आणायला जाणार नाही.